अत्तरदाणीतली माणसं

नाकाच्या अहवालानुसार माझी आई गरोदर होती.

आई चैत्रात गेली, अडुसष्टाव्या वर्षी, आणि अहवाल मार्गशीर्षातला होता. पुढच्या ओळीत तिला मधुमेह असल्याचं म्हटलं होतं. त्याच्या पुढच्या ओळीत ती मिश्री लावत होती, बुधवारी आणि रविवारी मासे खात होती आणि कांदा-लसणाला आयुष्यात शिवली नव्हती. वय एकोणीस ते एक्याऐंशी. स्वभावाच्या रकान्यात लिहिलं होतं: भित्री, निर्भीड, अतिशय बोलकी, मितभाषी, चिडखोर, शांत.

"काकू मला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच उद्योगी निघाल्या," तहसीन म्हणाली.

मी हसले. आई गेल्यापासून तिच्या विषयावर मी पहिल्यांदाच हसत होते. मग अहवालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, कारण हसण्याच्या मागोमाग दुसरं काही येईल अशी भीती वाटली.

तहसीन अत्तार माझी शाळेतली मैत्रीण. मिरजेत दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या वडिलांचं, इलाहीचाचांचं, अत्तराचं दुकान आहे. तिने रसायनशास्त्रात पीएचडी केली, बंगळूरला सहा वर्षं काढली आणि मग दुकानाच्या माडीवर स्वतःची प्रयोगशाळा थाटली. तिथल्या यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक आहे. सगळे त्याला नाकच म्हणतात.

नाकाची कल्पना कळायला सोपी आहे. एकाच कुपीतलं अत्तर दोघांच्या हातांना लावलं, तर अर्ध्या तासाने त्याचा वास सारखा राहत नाही. आपल्या कातडीवर जीवाणूंची वस्ती असते आणि प्रत्येकाची वस्ती वेगळी. ते जीवाणू अत्तराचे रेणू कुरतडतात आणि नवे रेणू मागे ठेवतात. त्यात घामातली आम्लं मिसळतात. आपण काय खातो, किती झोपतो, कशाची काळजी करतो, त्याप्रमाणे ती आम्लं बदलतात. माणसाच्या नाकात वास ओळखणारी प्रथिनं चारशेच्या आसपास प्रकारची असतात. तहसीनच्या यंत्रात ती सगळी एका नखाएवढ्या चकतीवर बसवलेली आहेत. थेंब तापवला की त्याची वाफ चकतीवरून जाते, आणि कुठलं प्रथिन किती जागं झालं यावरून यंत्र त्या कातडीच्या मालकाबद्दल बोलू लागतं. हजारो स्वयंसेवकांचे हात हुंगून ते हे शिकलं आहे.

आरोग्याबद्दल त्याचे अंदाज पक्के असतात. स्वभावाबद्दल ते बोलतं, पण तहसीन स्वतः त्यावर फार भरवसा ठेवत नाही. लोक मात्र ठेवतात. पुण्यातल्या लग्न जुळवणाऱ्या संस्था दोन वर्षांपासून पत्रिकेबरोबर गंधपत्रिकाही मागतात, आणि मिरज-सांगलीतली उपवर मुलं चाचणीच्या आधी आठ दिवस दूधभात खाऊन, कुणाशी न भांडता राहतात.

"मी साठ वर्षं गिऱ्हाइकाचा स्वभाव वासावरून सांगतोय," चाचा म्हणायचे. "खस मागणारा हिशेबी. मोगरा मागणारी बोलकी. हिना मागणारं माणूस हट्टी. माझ्या नाकाला वीज लागत नाही की दुरुस्तीवाला."

"सर्दी होते की," तहसीन म्हणायची.

आईचं अत्तर हिना. हिना म्हणजे थंडीतलं अत्तर, उष्ण, गडद, जडीबुटी आणि डिंक चंदनाच्या तेलात उतरवून केलेलं. ती गेल्यावर मी तिची हिरवी शाल प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली आणि दर रविवारी एकदाच उघडून हुंगायची, असा नियम केला. नियम मी पाळला. तरी दसऱ्यापर्यंत शालीला पिशवीचा वास येऊ लागला. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कागद, शाई, डिंक सगळं जपून ठेवायची शास्त्रं मला ठाऊक आहेत. वास जपायचं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. तहसीनकडे नाकाच्या शेजारी वास जुळवून देणारं दुसरं एक यंत्र होतं. वाचलेला वास ते थेंबाथेंबाने पुन्हा बनवू शकत असे. मला आईचा वास परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

त्यासाठी मी आईची चांदीची अत्तरदाणी घेऊन गेले होते. तिच्या कुपीत बोटाच्या पेराएवढं अत्तर उरलं होतं. वाचन म्हणजे जाळणं, त्यामुळे पहिल्या वाचनात त्यातलं निम्मं गेलं, आणि बदल्यात हा गरोदर अहवाल मिळाला.

"यंत्र बिघडलंय का?" मी विचारलं.

"सकाळी स्वतःचा हात वाचून बघितला. मी आळशी आहे आणि चहा जास्त पिते. म्हणजे ठीक आहे."

चाचा जिना चढून वर आले होते. त्यांनी अत्तरदाणी उचलली, झाकणाला जोडलेली काडी बाहेर काढली, नाकाजवळ नेली आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"मैथिली बेटा, ही काडी हाताला लावून परत कुपीतच जायची ना?"

"हो. आई कॉलनीतल्या हळदीकुंकवाला सगळ्यांना अत्तर लावायची. एकीला लावलं की काडी बुडवायची, मग दुसरीला."

"मग यंत्राचा काय दोष." चाचांनी काडी अलगद परत ठेवली. "कातडीला लागलेली काडी अत्तरवाला कधी कुपीत घालत नाही. आमच्याकडं गिऱ्हाइकाला कापसाचा फाया. मी शरयूताईंना वीस वेळा बोललो असेन. म्हणलं, ताई, अत्तर बिघडवताय तुम्ही. तर म्हणायच्या, इलाहीभाई, तुम्ही विकता, मी वाटते. तुमचे नियम तुमच्यापाशी. एकदा ती काडी घेऊन माझ्याच हाताकडं आल्या. मी हात मागं घेतला. दुकानात बसणाऱ्यानं हातावर वास घेतला तर दिवसभर नाक चालत नाही."

तहसीन खुर्चीतून उठली होती. "म्हणजे ह्या कुपीत अख्खी रेल्वे कॉलनी आहे."

"आणि आई?"

"ती पण असेल. काकू स्वतःला लावायच्या?"

"सुरुवातीलाच. पहिली काडी स्वतःच्या मनगटाला. आधी आपण बघावं, मग दुसऱ्याला द्यावं म्हणायची."

"मग काढता येईल." ती फळ्याकडे गेली, कारण तिला फळ्याशिवाय विचार करता येत नाही. चंदनाच्या तेलात विरघळलेल्या खुणा आठ-दहा वर्षं टिकतात. त्या काळातल्या बायका शोधायच्या, प्रत्येकीच्या हाताला नवं हिना लावायचं, अर्ध्या तासाने टिपून आणायचं. मग प्रत्येकीची खूण मिश्रणातून वजा करत जायची. सगळ्या वजा झाल्या की खाली राहील ती आई.

"पण उरलेलं जवळजवळ सगळं जाळावं लागेल," ती म्हणाली. "काडी ओली होईल एवढंच मागे राहील. पुन्हा संधी नाही. विचार करून सांग."

मी विचार न करताच हो म्हटलं.

पुढचे तीन आठवडे मी कॉलेज सुटल्यावर टिपकागदाच्या पिशव्या घेऊन फिरले. वडील रेल्वेत गार्ड होते, मी बारा वर्षांची असताना गेले. आईला अनुकंपा तत्त्वावर रेल्वेच्या कार्यालयात कारकुनाची नोकरी मिळाली आणि आम्ही कॉलनीतच राहिलो. तिथे मराठी, कानडी, तेलुगू, सगळी घरं. तिथून पांगलेल्या बायका आता मिरजेपासून कुपवाडपर्यंत पसरल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबावं लागे, आणि अर्ध्या तासात काही खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नसे.

अहवालातली माणसं एकेक करून भेटू लागली. गरोदर म्हणजे सुजाता, गेल्या संक्रांतीला आठवा महिना होता तिला. आता तिचा मुलगा माझ्या टिपकागदाचा बोळा करून खात होता. मिश्रीवाल्या म्हणजे नागलक्ष्मीअक्का, निवृत्त तिकीट तपासनीस, वय एक्याऐंशी.

"मशीनला मिश्री कळली?" त्यांनी विचारलं. "माझ्या मुलाला चाळीस वर्षांत कळली नाही. त्याला सांगू नको."

पद्मजावहिनींचा पत्ता मी शेवटी ठेवला होता. कॉलनीतलं हळदीकुंकू पूर्वी त्याच भरवायच्या. कडक शिस्तीच्या बाई, लहानपणी आम्ही त्यांना घाबरायचो. आता त्या अठ्ठ्याहत्तरच्या होत्या आणि विश्रामबागेत लेकीकडे राहत होत्या. मी हाताच्या पाठीवर काडी ओढली, आणि दुसऱ्याच क्षणाला त्या शिंकल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

"मला हिना सोसत नाही," त्या नाक पुसत म्हणाल्या. "तुझ्या आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळ्यांना एक काडी आणि मला दोन. दर वर्षी. रथसप्तमीपर्यंत शिंकत असायचे मी."

"पण आई असं का करेल?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तिने तुला सांगितलं नाही होय? मग मलाच सांगायला हवं." त्यांनी रुमालाची चौकोनी घडी केली. "तुझे बाबा गेले त्याच्या पुढची संक्रांत. शरयू नेहमीसारखी सकाळपासून राबत होती. तिळगूळ तिचेच. बायका यायला लागल्या आणि तिने सवयीने करंडा उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, शरयू, तू आत बस. चहाचं बघ."

हातातला टिपकागद मी मांडीवर ठेवला.

"गेली आत. दहा मिनिटांनी बाहेर आली ती अत्तरदाणी घेऊन. तिच्या लग्नातली. दारातच खुर्ची टाकून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, कुंकवाचे नियम तुम्ही सांगितलेत. अत्तराबद्दल काही लिहिलेलं असेल तर तेही सांगा. आता अत्तराबद्दल कुणाला काय ठाऊक असणार. येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्यासमोर हात धरल्याशिवाय आत जाता येईना. पहिला हात माझा."

"तुम्ही हात पुढे करायचात? शिंका येत असूनही?"

"न करून कसं चाललं असतं?" त्या म्हणाल्या. "सहा-सात वर्षांनी मीच करंडा घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, चुकलं माझं, घे हा आता. तर म्हणाली, नको गं, तुझ्याकडे गर्दी कमी असते."

अर्धा तास कधीच होऊन गेला होता. मी घाईने त्यांचा हात टिपला. निघताना त्यांनी विचारलं, "आणि सगळ्यांना वजा केल्यावर काय राहणार?"

"आई," मी म्हटलं.

"बघ हं," वहिनी म्हणाल्या.

एकूण एकतीस हात जमले. तहसीनने उरलेलं अत्तर जाळलं आणि यंत्र चार दिवस आकडेमोड करत राहिलं. पौषातल्या एका दुपारी तिने मला बोलावून घेतलं. टेबलावर बोटभर उंचीची काचेची बाटली होती आणि शेजारी नवा अहवाल. एक व्यक्ती. स्त्री. संयमी. झोप कमी. माणसांत मिसळणं कमी.

"ह्या काकू," तहसीन म्हणाली. ती खूप खूश होती आणि ते दिसू नये म्हणून धडपडत होती. "खूण अगदी स्वच्छ आलीये. इतकी स्वच्छ मी आजवर कुणाची काढली नव्हती."

मी बूच काढलं.

आधी वाटलं, ही आई नाहीच. हिना अगदी तळाशी. वर धुण्याच्या साबणाचा वास, जुन्या रजिस्टरांचा, डब्यात राहिलेल्या पोळीचा, ओल्या कपाळाचा. मग ओळख पटली. बाबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष. आई कार्यालयातून यायची, कडी लावायची आणि साडीही न बदलता माझ्या शेजारी येऊन पडायची. आम्ही दोघी बोलत नसू. तिच्या मानेला अगदी हाच वास यायचा. मी तो पार विसरून गेले होते, कारण त्यानंतरच्या संक्रांतीला ती अत्तरदाणी घेऊन दारात बसली आणि पुढची तीस वर्षं मला आईचा वास म्हणून जो माहीत होता तो निराळाच होता. त्यात अक्कांची मिश्री होती, सुजाताचं बाळ होतं, पद्मजावहिनींच्या दोन काड्या होत्या.

"चुकलं का काही?" तहसीनने विचारलं.

"नाही. तीच आहे. अगदी बरोबर काढलंस."

"मग?"

"काही नाही. चहा दे."

बाटली मी घरी नेली. ठेवून द्यावी की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. मी रोज एकदा बूच काढायची आणि रोज बारा वर्षांची व्हायची. वास फिका पडत नव्हता. यंत्राने तो टिकाऊ केला होता. ही बाटली माझ्यानंतरही राहिली असती.

रथसप्तमीला कॉलनीच्या सभागृहात सामुदायिक हळदीकुंकू होतं. अक्कांनी फोन करून बजावलं, दारातली खुर्ची रिकामी ठेवायची नाही. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे करंड्याच्या बाबतीत माझी जागाही थोडी आईसारखीच. मी हिरवी शाल पिशवीतून काढून अंगावर घेतली आणि अत्तरदाणी घेऊन गेले. कुपीत काडी ओली होण्यापुरतंच काहीतरी होतं. ताजं हिना चाचा स्वतः घेऊन आले, सोबत तहसीन. चाचा बायकांच्या कार्यक्रमात आत यायला तयार नव्हते, दाराबाहेर चपलांपाशी उभे राहिले.

"आधी कुपी धुऊन घ्या," ते म्हणाले. "जुन्यात नवं घालू नये."

"दही लावताना नाही का, चाचा," मी म्हटलं. "जुनं असतं म्हणूनच लागतं."

मी त्यांचं हिना कुपीत ओतलं. मग पर्समधून काचेची बाटली काढली आणि बूच उघडलं.

तहसीनने माझं मनगट पकडलं. "मैथिली, काय करतेस? एकदा मिसळलं की परत वेगळं नाही काढता येणार. आता उरलेलं काहीच नाहीये मापायला. पुन्हा बनवायला नमुना लागतो."

"माहीत आहे."

"अख्खा महिना घातलाय मी त्यात."

"माहीत आहे गं. तुझ्यामुळेच तर ती सापडली."

"मग ठेव ना जपून."

सभागृहात पद्मजावहिनी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, लेकीचा हात धरून. त्या आमच्याकडेच बघत होत्या.

"तिला आत एकटीला बसवायचं नाही," मी म्हटलं.

तहसीनने हात सोडला. मी बाटली कुपीत पालथी केली. शेवटचा थेंब काठाशी अडून बसला होता, तो काडीने आत ढकलला. झाकण लावून कुपी दोनदा हलवली आणि पहिली काडी स्वतःच्या मनगटाला लावली. हुंगून पाहिलं नाही. अर्धा तास जायला हवा होता.

मग अक्का आल्या. काडी, हात, परत कुपी. सुजाता आली, कडेवर बाळ. त्याच्याही मुठीला थोडं लावलं, म्हणजे वयाचा रकाना आता आणखी खालून सुरू होणार. काडी परत कुपीत.

"अरे, पुन्हा तेच," दाराबाहेरून चाचा म्हणाले. "बिघडवणार तुम्ही लोक. दोन पिढ्या झाल्या, शिकत नाही कुणी."

"चाचा, तुम्ही विकता. आम्ही वाटतो."

चाचांनी चपलांकडे बघितलं. मग उंबऱ्याच्या अलीकडूनच त्यांनी उजवा हात आत केला, पालथा. साठ वर्षं कोरा ठेवलेला हात.

"लाव," ते म्हणाले. "दुकान आता उद्याच उघडायचंय."

मी लावलं. ते हाताकडे बघत राहिले. तहसीनने तोंड फिरवून चष्मा पुसला आणि म्हणाली, "आता पुढच्या वर्षीच्या अहवालात दाढी पण येईल."

लेकीला धरून पद्मजावहिनी उठून आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी एक काडी लावली. हात तसाच होता.

"आणखी एक राहिली," त्या म्हणाल्या.

मी दुसरी लावली. त्या आत वळल्या, चार पावलं गेल्या, आणि सभागृहभर ऐकू जाईल अशी शिंक आली. मग दुसरी. तिसरीला सगळ्या बायका हसू लागल्या आणि त्या हसण्यातून अक्कांचा खणखणीत आवाज आला.

"शरयू आली गं. खुर्ची द्या तिला."